कलबूत, टाका आणि यान माट्झेलिगर

(१)

नेमणुकीचा कागद हातात पडला त्या आठवड्यात मी आयुष्यात पहिल्यांदा दुकानात जाऊन चामड्याचे बूट विकत घेतले. तोवर माझ्या पायात जे काही आले ते आबांच्या हातचे होते. कधी गिऱ्हाईक परत न्यायला न आलेला जोड, तर कधी दोन जुन्या जोडांतून जुळवलेला एक. आबा तालुक्याच्या एस. टी. स्थानकासमोर पोत्यावर बसत. सरकारी भाषेत त्यांना 'गटई कामगार' म्हणतात. कॉलेजच्या अर्जावर वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात मी मात्र 'किरकोळ व्यापार' असे लिहीत असे. ही लाज माझी एकट्याची नव्हती. आमच्या आळीतल्या शिकणाऱ्या प्रत्येक पोराच्या अर्जावर असा एखादा खोटा रकाना होता.

बूट महाग होते. पगार व्हायचा होता, म्हणून उसने पैसे काढले होते. दुकानदाराने 'प्युअर लेदर' म्हणून सांगितले आणि मी मान डोलावली. चांभाराच्या पोराने बूट विकत घ्यावेत आणि तेही फसून घ्यावेत, याला काय म्हणावे? पहिल्याच पावसाळ्यात उजव्या बुटाचा तळ पुढून उघडला. फळ्याकडे जाताना तो फटक फटक वाजू लागला आणि मागच्या बाकावर कोणीतरी हसले.

सुट्टीला घरी गेलो तेव्हा तो बूट पिशवीत घालून नेला. आबांनी तो हातात घेऊन आधी वास घेतला. मग टाचेवर अंगठा दाबला, मग पुढचा भाग वाकवला आणि म्हणाले, "पुठ्ठा हाय लेका ह्यो. वर कातड्याचा नुसता पापुद्रा. ही कडंची शिवान दिसती न्हवं? ती कुटंच जात न्हाई. नुसती दाखवायला मारलीय."

त्यांनी रापी घेतली आणि दहा मिनिटांत तो बूट उलगडून पोत्यावर मांडला. मी इतिहासाचा प्राध्यापक. इंग्लंडची औद्योगिक क्रांती मी वर्षानुवर्षे शिकवत होतो. सूतकताईचे यंत्र, वाफेचे इंजिन, लोखंडाच्या भट्ट्या हे सारे मला पाठ होते. पण ज्या वस्तूवर माझे घर जगले ती कशी बनते आणि तिचे यंत्र कुणी केले, यातले मला काहीच ठाऊक नव्हते. ते शोधायला मी त्या दिवसापासून लागलो. हा लेख त्या शोधाचा हिशेब आहे.

(२)

आधी बूट समजून घेऊ. हे ज्ञान आपल्या घरांतले आहे. ते छापील पानावर यायला हवे.

चांगल्या बुटाची सुरुवात कातड्यापासून होते. जनावराच्या पाठीचे आणि पुठ्ठ्याचे कातडे घट्ट असते. पोटाचे सैल असते, ते ओढले की ताणत जाते. म्हणून जाणता कारागीर बुटाचा पुढचा भाग पाठीच्या कातड्यातून काढतो आणि पोटाचे कातडे दिसणार नाही अशा जागी वापरतो. कातड्याचा वरचा थर, ज्याला दाणा म्हणतात, सर्वांत बळकट. तो तसाच राखला तर बूट वर्षानुवर्षे टिकतो. जखमा, डाग लपवण्यासाठी दाणा घासून वर रंगाचा जाड थर दिला, की बूट दुकानात आरशासारखा चमकतो आणि सहा महिन्यांत वाकण्याच्या जागी तडकतो. अंगठ्याने दाबून पाहावे. खऱ्या दाण्यावर बारीक सुरकुत्या उठतात आणि बोट काढले की विरतात. रंगाच्या थरावर सुरकुती उठत नाही किंवा उठली तर मोडते. कापलेली कड उघडी असेल तर तिथे तंतू दिसतात. पुठ्ठ्याला आणि प्लॅस्टिकला तंतू नसतात.

कातडे कमावण्याच्या दोन रीती. आपल्या ढोर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केली ती झाडाच्या सालीची. चुन्यात भिजवून केस काढायचे, मग कातडे पिशवीसारखे शिवून त्यात बाभळीच्या सालीचे नाही तर हिरड्याचे पाणी भरून टांगायचे आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहायची. असे कातडे ताठ असते. तळाला, टाचेला ते उत्तम. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. तिचे पेटंट ऑगस्टस शुल्ट्झ याने अमेरिकेत १८८४ साली घेतले. आठवड्यांचे काम त्यामुळे दिवसांवर आले. हे कातडे मऊ असते आणि पाणी सोसते, म्हणून आज बुटाचा वरचा भाग बहुधा त्याचाच असतो.

मग येते कलबूत. माणसाच्या पावलाच्या आकाराचा हा लाकडी ठोकळा. आजचे कारागीर त्याला फर्मा म्हणतात. वरचे कातडे, म्हणजे अप्पर, कापून शिवून तयार झाले की ते कलबुतावर चढवायचे, पक्कडीने खाली ओढायचे, आतल्या तळाच्या कडेवर दुमडायचे आणि चुका मारून धरायचे. टोकाशी आणि टाचेशी कातड्याच्या चुण्या पडतात. त्या एकेक करून बसवाव्या लागतात. ओढ जास्त झाली तर कातडे फाटते, कमी झाली तर बूट पायाला लागतो. कातड्याचा प्रत्येक तुकडा वेगळा, म्हणून प्रत्येक ओढ वेगळी. बुटाच्या साऱ्या कामात अवघड काम हेच. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढचा इतिहास तिच्यावर उभा आहे.

शेवटी तळ. तळ बसवण्याच्या मुख्य रीती तीन. पहिली चिकटवण्याची. सोल्यूशन लावायचे, दाबायचे आणि विकायचे. माझा बूट त्यातला. दुसरी आतून आरपार टाक्याची. आतला तळ, अप्परची दुमड आणि बाहेरचा तळ एकाच टाक्यात शिवतात. बूट हलका होतो, सहज वाकतो, पण टाक्याच्या भोकांतून खालचे पाणी आत चढते. तिसरी वेल्टची. अप्परच्या दुमडीभोवती कातड्याची एक पट्टी, म्हणजे वेल्ट, फिरवतात. पहिला टाका ही पट्टी, अप्पर आणि आतल्या तळाचा उंचवटा यांना एकत्र बांधतो. आतली पोकळी बुचाच्या लाकडाच्या भुश्शाने भरतात. काही दिवस वापरल्यावर त्यावर घालणाऱ्याच्याच पावलाचा ठसा उमटतो. मग दुसरा टाका बाहेरून मारतात. तो पट्टीला आणि बाहेरच्या तळाला धरतो. तळ झिजला की हा दुसरा टाका तेवढा उसवायचा आणि नवा तळ बसवायचा. अप्परला धक्का लागत नाही. असा बूट तीन-चार तळ खातो आणि तरी उभा राहतो.

आबांनी दाखवलेली 'कुठेच न जाणारी शिवण' ही या वेल्टची नक्कल होती. कडेला एक पट्टी चिकटवून तिच्यावर टाक्यांसारखा दोरा फिरवलेला होता. खाली तळ मात्र सोल्यूशनवर होता. बूट घेताना तो उलटा करावा. वरचे टाके खालच्या खाचेत उतरलेले दिसतात का, ते पाहावे. टाचेचा भाग दोन बोटांत दाबावा. आत घट्ट कातडे असेल तर तो हटून पुन्हा उभा राहतो, पुठ्ठा असेल तर दबतो. जोड संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाऊल फुगते. बूट भिजला तर आत रद्दी कागद कोंबून सावलीत वाळवावा, चुलीपाशी किंवा उन्हात कधीच नाही. पॉलियुरेथेनचे तळ कपाटात नुसते ठेवले तरी हवेतल्या ओलाव्याने काही वर्षांत भुगा होतात. म्हणून असे बूट 'सणासुदीला' जपून ठेवण्यात अर्थ नाही.

इतके सारे आबांनी पोत्यावर बसून सांगितले. पॉलियुरेथेन हा शब्द तेवढा माझा. त्यांचा शब्द होता, "ह्यो पाव हाय, वाळला का चुरा."

(३)

आता प्रश्न असा, की हाताचे हे काम यंत्राकडे गेले कसे आणि कुणी नेले? उत्तर शोधताना मी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लिन या गावी पोहोचलो. पुस्तकांतून पोहोचलो, हे सांगायला नको.

लिनमध्ये अठराव्या शतकापासून बूट होत. घराशेजारच्या छोट्या खोपट्यात पुरुष तळ शिवत आणि घरात बायका अप्पर शिवत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मॅसॅच्युसेट्समध्ये जाड, ओबडधोबड बुटांची मोठी निपज होई. त्यातले बरेचसे दक्षिणेकडच्या मळ्यांवर गुलामांसाठी जात. उत्तरेतला 'स्वतंत्र' कामगार दक्षिणेतल्या गुलामाच्या पायात घालायला बूट शिवत होता आणि त्या मळ्यांवरच्या कापसावर उत्तरेतल्या गिरण्या चालत होत्या. शोषणाची साखळी अशीच असते. एक कडी दुसरीला ओळखत नाही.

याच लिनमध्ये १८४० च्या दशकात गुलामगिरीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस राहत होता. १८४५ साली प्रसिद्ध झालेले आपले आत्मकथन त्याने तिथेच लिहिले. लहानपणी थंडीतही आपल्या पायांत काही नव्हते, हे त्याने त्यात नोंदवले आहे. १८४१ साली गोऱ्यांच्या डब्यातून उठायला नकार दिला म्हणून लिनच्या स्थानकावर त्याला ओढून खाली काढण्यात आले होते. आपल्या वाचकांना हा प्रसंग परका वाटणार नाही.

यंत्रे एकेक करून आली. शिवणयंत्राने आधी घरी अप्पर शिवणाऱ्या बायकांचे काम हिरावले. १८५८ साली लायमन ब्लेक याने तळ आरपार शिवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. ते गॉर्डन मॅके या भांडवलदाराने विकत घेतले आणि १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सैन्याच्या बुटांनी त्याचे नशीब उघडले. मॅके यंत्र विकत नसे, भाड्याने देई आणि शिवलेल्या जोडागणिक पैसे घेई. मजुरी घसरत गेली, तेव्हा १८६० च्या फेब्रुवारीत लिनच्या बूट-कामगारांनी संप केला. तो न्यू इंग्लंडभर पसरला आणि बायकांनी बर्फात मोर्चा काढला. पुढे १८७० च्या दशकात चार्ल्स गुडइयर या धाकट्याने वेल्ट शिवणारे यंत्र चालते केले. रबर पक्के करण्याची रीत शोधणारा गुडइयर हा त्याचा बाप. आज चांगल्या बुटावर 'गुडइयर वेल्ट' असे लिहिलेले असते ते या मुलाच्या नावावरून.

म्हणजे कापणे, शिवणे, तळ बसवणे हे सगळे यंत्राने होऊ लागले. एक काम तेवढे उरले, अप्पर कलबुतावर ओढण्याचे. ते करणाऱ्या कारागिरांना लास्टर म्हणत. त्यांची संघटना मजबूत होती आणि मजुरी चांगली होती. बोटांचे हे काम कोणतेही यंत्र करू शकणार नाही, असे ते छातीठोकपणे सांगत. त्यांचे हात थांबले की सारा कारखाना थांबे.

(४)

यान अर्न्स्ट माट्झेलिगर हा १८५२ साली दक्षिण अमेरिकेतल्या डच गियानामध्ये, म्हणजे आजच्या सुरिनाममध्ये, पारामारिबो येथे जन्मला. आई काळी, बाप डच इंजिनियर. तो जन्मला तेव्हा तिथे गुलामगिरी होती. ती १ जुलै १८६३ रोजी कायद्याने संपली, पण मुक्त झालेल्यांना आणखी दहा वर्षे सक्तीच्या करारावर मळ्यांत राबावे लागले. खरी सुटका १८७३ साली झाली. याच १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेत गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्याच वर्षाच्या सुमारास हा तरुण जहाजावरची नोकरी सोडून फिलाडेल्फियात उतरला. जोतीरावांना त्याचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते, त्यालाही जोतीरावांचे नव्हते. पण इतिहासाच्या अभ्यासकाने या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवायला हरकत नाही.

१८७७ च्या सुमारास तो लिनला आला आणि एका कारखान्यात तळ शिवण्याच्या मॅके यंत्रावर लागला. इंग्रजी तुटपुंजे. रात्री तो इंग्रजी शिके, यंत्रशास्त्राची पुस्तके वाचे. दिवसा तो लास्टर कारागिरांचे हात पाहत राहिला. पक्कड कशी धरतात, मनगट कुठे वळते, चूक केव्हा मारतात हे त्याने टिपले. मग भाड्याच्या खोलीत लाकडाचे तुकडे, तार आणि सिगारच्या खोक्यांची फळकुटे जमवून त्याने पहिला नमुना केला. त्या कच्च्या नमुन्याला कुणीतरी पन्नास डॉलर देऊ केले. त्याने दिले नाही. अर्धपोटी राहून त्याने लोखंडी यंत्र उभे केले. पुढे पैसे संपले, तेव्हा दोन भांडवल घालणाऱ्यांना हक्काचे दोन तृतीयांश देऊन त्याला काम पुढे न्यावे लागले.

त्याने पेटंटसाठी पाठवलेले नकाशे इतके गुंतागुंतीचे होते, की वॉशिंग्टनच्या कचेरीतून खात्री करून घ्यायला माणूस लिनला आला. २० मार्च १८८३ रोजी त्याला २७४२०७ क्रमांकाचे पेटंट मिळाले. २० मार्च ही तारीख आपण चवदार तळ्यासाठी स्मरतो. ते साल १९२७. योगायोगाला मी अर्थ चिकटवीत नाही, पण ही तारीख वाचताना माझे बोट त्या ओळीवर थांबले हे खरे.

हाताने काम करणारा चांगला लास्टर दिवसाला सुमारे पन्नास जोड ओढी. माट्झेलिगरचे यंत्र सुधारत सुधारत सातशेपर्यंत गेले, असे सांगितले जाते. बुटाच्या किमती जवळजवळ निम्म्यावर आल्या. ज्यांनी आयुष्यात नवा बूट पाहिला नव्हता त्यांच्या पायात बूट आला. याच यंत्राने लास्टर कारागिरांचे महत्त्व संपवले, हेही लपवून चालणार नाही. यंत्र करणारा काळा होता म्हणून यंत्राचे सारे परिणाम पुण्याचे होत नाहीत. भांडवलाच्या हाती गेले की ते भांडवलाचे काम करते.

आणि माणसाचे काय झाले? लिनमधल्या काही चर्चनी रंगामुळे त्याला आत घेतले नव्हते. एका चर्चने घेतले, तिथे तो रविवारच्या शाळेत शिकवी. क्षयाने तो २४ ऑगस्ट १८८९ रोजी वारला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. हा मजकूर लिहिताना माझे वय त्याच्याच आसपास आहे. आपल्या वाट्याचे काही शेअर त्याने त्या एका चर्चला ठेवले. कारखान्यांत त्याच्या यंत्राला काही काळ काळ्या माणसाला दिल्या जाणाऱ्या शिवीचे नाव होते. १८९९ साली मोठ्या यंत्र-कंपन्या एकत्र येऊन युनायटेड शू मशिनरी ही कंपनी झाली आणि त्याचे पेटंट हाती असलेली कंपनीही तिच्यात गेली. ही कंपनीही यंत्रे विकण्याऐवजी भाड्याने देई. तिची मक्तेदारी अमेरिकी न्यायालयाने बेकायदा ठरवली ती १९५३ साली. माट्झेलिगरच्या नावाचे टपाल तिकीट निघाले १९९१ साली, त्याच्या मृत्यूनंतर १०२ वर्षांनी. गुडइयरचे नाव मात्र बुटाच्या तळावर कायम आहे. ज्याच्या यंत्राशिवाय तो बूट कलबुतावरच चढला नसता, त्याचे नाव बुटावर कुठेच नाही.

(५)

हे वाचून आपल्या कार्यकर्त्याच्या मनात एक वाक्य लगेच येईल, 'आपल्यातही असे शेकडो माट्झेलिगर होते, त्यांना संधी मिळाली नाही.' मला हे वाक्य इतके सोपे वाटत नाही. 'शेकडो होते' हे आपण कशावरून म्हणतो? पुरावा काय? अशी वाक्ये टाळ्या घेतात आणि प्रश्न झाकतात. प्रश्न असा विचारला पाहिजे, की असा माणूस घडायला जे लागते, त्यातले काय आपल्या व्यवस्थेत मुळातच अशक्य होते?

माट्झेलिगर दहा वर्षांचा असताना त्याला बापाच्या हाताखाली यंत्रशाळेत काम मिळाले. एकाच छपराखाली तो कापणे, शिवणे, ओढणे हे सारे पाहू शकला. वंशभेदाने त्याला चर्चबाहेर ठेवले, पण कारखान्याच्या आत घेतले. आमच्याकडे जातीने कारखाना होऊच दिला नाही. मेलेले जनावर महाराने ओढायचे, कातडे ढोराने कमावायचे, वहाण आणि मोट चांभाराने शिवायची. एका धंद्याच्या तीन पायऱ्या, तीन जाती, तीन वस्त्या, आणि तिघांत रोटी नाही की बेटी नाही. खालच्या पायरीचा वास वरच्याला सहन होत नसे. जातीने कामाआधी काम करणारी माणसेच वाटून टाकली, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवले. त्या विचाराचा अर्थ मला आबांच्या पोत्यावर कळला. कातडे कुठून येते हे आबांना नीट ठाऊक नव्हते, कमावणाऱ्याला टाका ठाऊक नव्हता. ज्ञानाचे असे तुकडे झाल्यावर यंत्राचा विचार करणार कोण?

भांडवलाची गोष्ट निराळी नाही. बलुत्यात सुगीला पायली-दोन पायली धान्य मिळे. पैसा हातात येत नसे आणि चांगल्या कामाला जास्त मोल नसे. वहाण दोन वर्षे टिकली काय आणि चार वर्षे टिकली काय, बलुते तेवढेच. वर जो वहाणा शिवी त्याला त्या घालून पाटलाच्या वाड्यावरून जाता येत नसे. माझे आजोबा वाड्यापाशी आले की वहाणा काढून काखेत धरीत, हे माझ्या आजीने मला सांगितले आहे. आपणच केलेली वस्तू आपल्या पायात घालायला बंदी असेल, तर ती वस्तू सुधारण्याची उमेद कुठून येणार?

इंग्रजी राज्यात थोडी फट पडली. १८५७ नंतर लष्करासाठी कानपुरात सरकारी खोगीर-साजाचा कारखाना निघाला आणि १८८० च्या दशकात कूपर अ‍ॅलनच्या कारखान्यात सैन्याचे बूट होऊ लागले. राबणारे हात बव्हंशी चमार समाजाचे होते, मालकी गोऱ्यांची. आग्र्यात मात्र जाटव समाजातल्या काहींनी स्वतःचे बुटांचे कारखाने काढले. बलुत्याबाहेर रोख पैसा आला, त्यातून शाळा आणि सभा उभ्या राहिल्या. १८ मार्च १९५६ रोजी बाबासाहेब आग्र्यात बोलले तेव्हा समोर या बूट-कारागिरांची वस्ती होती. जिथे कारागिराला बाजार आणि रोख पैसा मिळाला तिथे चळवळीला पाय फुटले, हा यातला धडा आहे.

(६)

मग काय, पुन्हा आरी-रापी हातात घ्यायची? मुळीच नाही. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढणे सोडा, असे सांगितले ते बरोबरच होते. जन्माने गळ्यात पडलेले काम हे कौशल्य नसते, ती शिक्षा असते. जे त्या कामात राहिले त्यांचे काय होते, हे ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना इथे साऱ्या देशाने पाहिले. मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारण्यात आले. ज्यांना आजही 'परंपरागत कौशल्य' हा शब्द गोड वाटतो त्यांनी ते काम एक दिवस करून पाहावे.

पण काम सोडणे आणि कामाचे ज्ञान विसरणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आम्ही शिकलेल्यांनी दोन्ही एकदम केल्या. ओझे टाकताना त्यात आमचे काय होते हे पाहिलेच नाही. त्याचा परिणाम असा झाला, की आमच्या हातांचा इतिहास दुसरेच लिहितात आणि दुसरेच विकतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरी जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात त्याच घाटाची पादत्राणे मांडली, तेव्हा कोल्हापूरचे नाव आधी कुठेच नव्हते. ओरड झाल्यावर कबुली आली. ओरड झाली ती चपलेच्या नावासाठी. त्या चपलेचे कातडे कोणी कमावले, टाका कोणी घातला, हे तेव्हाही फारसे कोणी विचारले नाही.

१९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा आमच्या आधीच्या पिढीने अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याकडून नाव घेतले, जिद्द घेतली. आता त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट घ्यायला हवी. आपल्या माणसांनी काय केले ते नावागावासह, सालासह शोधून काढण्याची चिकाटी. माट्झेलिगर मला कळला तो कुणीतरी त्याचे पेटंट आणि त्याच्या नोंदी जपल्या, वाचल्या आणि लिहिल्या म्हणून. आमच्या घरांतल्या नोंदी कुठे आहेत? कातडे कमावण्याच्या पायऱ्यांना, टाक्यांच्या प्रकारांना, हत्यारांच्या भागांना आपल्या आज्या-आजोबांकडे शब्द होते. ते त्यांच्याबरोबर चालले आहेत. आपल्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने सुट्टीत घरी जाऊन असे पन्नास शब्द जरी वहीत उतरवले, तरी इतिहासाचे एक साधन तयार होईल.

चांगला बूट कोणाच्या पायात असावा, हाही प्रश्न आहे. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. त्यानंतरही माणसे अनवाणी उतरवली गेली आणि गुदमरून मेली. ज्या समाजाने देशाला बूट पुरवले त्याच समाजाच्या शेजारवस्तीतला माणूस अनवाणी मैल्यात उतरतो. बुटाचा इतिहास लिहिताना हे पाय वगळता येणार नाहीत.

माझा तो फसवा बूट दुरुस्त होण्याजोगा नव्हता. आबांनी तसे सांगितले आणि फेकला. पुढच्या वर्षी मी त्यांनाच बरोबर घेऊन गेलो. त्यांनी दुकानातले सात-आठ जोड उलटेपालटे केले, दाबले, वाकवले. विक्रेता अस्वस्थ झाला. शेवटी एक जोड त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "ह्याची शिवान खाली जाती. घे." त्या बुटाला आता तिसरा तळ चालू आहे. पहिले दोन तळ आबांनी बसवले. तिसऱ्या वेळी त्यांचे डोळे साथ देईनात. आरी त्यांनी धरली आणि दोरा मी ओवला.

यंदा धाकट्या बहिणीच्या मुलाचा अकरावीचा अर्ज मी भरला. आजोबांच्या धंद्याबद्दल त्यात रकाना नव्हता. पण पोराने विचारले, "आजोबा काय करत होते?" मी सांगितले, "चांभारकाम. बूट कसा बांधतात ते त्यांना ठाऊक आहे. वही घे आणि जा, विचार त्यांना."